जंतू मारताना फुप्फुसही पोळते

न्यूमोनियाच्या रुग्णाच्या घरात दोन मागण्या हमखास ऐकू येतात. एक, "डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढेल असं काही तरी लिहून द्या." दुसरी, "एखादं जोरदार इंजेक्शन द्या, आजच्या आज ताप उतरला पाहिजे." दोन्ही मागण्या काळजीपोटीच येतात, पण दोन्हींत धोका आहे. तो कळायचा तर न्यूमोनियात छातीच्या आत काय चाललेले असते, हे थोडे समजून घ्यावे लागते. दिवाळी सरून घाटावर थंडी पडली, की बुलढाणा जिल्ह्यातल्या दवाखान्यांत धापा टाकणारी लेकरे आणि खोकून थकलेली म्हातारी माणसे दिसू लागतात. त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

आपल्या फुप्फुसांत 30 ते 50 कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात, म्हणून तर हवेतला ऑक्सिजन रक्तात सहज उतरतो. या वायुकोशांतच मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायम मुक्कामाला असतात. श्वासाबरोबर आलेली धूळ, धुराची काजळी, एखाददुसरा जंतू त्या गिळून पचवतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. जंतू फार झाले की मात्र त्यांना एकट्याने आवरत नाही. मग त्या रासायनिक संदेश सोडतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी, मुख्यतः न्यूट्रोफिल, केशवाहिन्यांच्या भिंतींतून वाट काढत वायुकोशांत उतरतात. आपल्या हाडांतला मगज रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतो. संसर्गात हा आकडा आणखी वाढतो. सीबीसी या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये 'टीएलसी', म्हणजे पांढऱ्या पेशींची एकूण संख्या, 18 हजार आणि न्यूट्रोफिल 85 टक्के दिसतात, ते यामुळेच. हा आकडा पाहून घाबरायचे कारण नाही, शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे. उलट गंभीर दिसणाऱ्या रुग्णाचा टीएलसी 4 हजारांच्या खाली गेला, तर डॉक्टर जास्त चिंतेत पडतात.

न्यूट्रोफिल जंतूला गिळते आणि मग ऑक्सिजन वापरून त्याला मारते. आधी सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्यापासून हायपोक्लोरस आम्ल, अशी एकाहून एक तिखट रसायने ती काही क्षणांत तयार करते. गावच्या विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, तेव्हा पाण्यात जंतू मारणारे जे आम्ल तयार होते, ते हेच. जन्मतःच काही मुलांच्या पेशींना ही रसायने बनवता येत नाहीत. अशा मुलांना पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो, गळवे होतात. हे शस्त्र नसते तर आपण साध्या संसर्गातूनही वाचलो नसतो.

पण या आम्लाला जंतू कोणता आणि वायुकोशाची भिंत कोणती, हे कळत नाही. हजारो न्यूट्रोफिल एका जागी जमतात, त्यांतल्या कित्येक तिथेच फुटतात आणि आतली रसायने व पाचक द्रव्ये बाहेर सांडतात. केशवाहिन्यांचे अस्तर पोळते, त्यातून पाणी झिरपते आणि जिथे हवा असायला हवी तिथे द्रव भरतो. एक्स-रेमध्ये दिसणारा पांढरा डाग तो हाच. न्यूमोनियाचा सर्वांत नेहमीचा जंतू, न्यूमोकोकस, स्वतःही हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो, म्हणजे मारा दोन्ही बाजूंनी होतो. यावर उतारा म्हणून शरीराजवळ ग्लुटाथायॉन आणि काही विकरे असतात, ती ही रसायने निष्प्रभ करतात. रसायने जास्त आणि उतारा कमी पडला, तर त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. न्यूमोनियात रुग्ण दगावतो तो पुष्कळदा जंतूइतकाच या आतल्या होरपळीने.

म्हणजे प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितके बरे, असे न्यूमोनियात नसते. तिने झपाट्याने काम करावे आणि काम झाले की थांबावे. आजार सुरू झाल्यावर आपल्याला तिची मदत एकाच तऱ्हेने करता येते: जंतूंची संख्या कमी असतानाच औषध सुरू करायचे, म्हणजे पेशींना फार मोठा मारा करावा लागत नाही आणि फुप्फुस कमी पोळते. म्हणून या आजारात एक दिवस उशीर म्हणजे नुसता एक दिवस नसतो.

मिनिटभर पोटाकडे पाहा

लवकर ओळखायला एक्स-रे लागत नाही, आपल्या महाराष्ट्राने हे जगाला दाखवून दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत 1988 मध्ये एक प्रयोग सुरू केला. गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुईणींना बाळाचे श्वास मोजायला शिकवले, आणि न्यूमोनिया ठरला तर घरीच अँटिबायोटिक द्यायला शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी सरकवायचे आणि मिनिटभराच्या वाळूच्या घड्याळाचे एक साधे उपकरण पुढे तयार केले. 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: ज्या गावांत हे उपचार झाले, तिथे न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी 0.8 टक्के दगावली. जिथे झाले नाहीत तिथे 13.5 टक्के. यंत्र नाही, इमारत नाही, फक्त मोजायला शिकलेली माणसे होती. मला या विषयात याहून मोठी गोष्ट दुसरी वाटत नाही.

मोजायचे असे. बाळ शांत किंवा झोपलेले असावे, रडताना किंवा दूध पिताना मोजू नये. अंगावरचे कपडे वर करून पोटाची हालचाल पूर्ण 60 सेकंद पाहावी. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण लहान बाळाचा श्वास लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50 किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा 60 किंवा जास्त आला तर लगेच पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. आणि या वयाच्या बाळाला घरी ठेवायचे नाही, रुग्णालयातच न्यायचे.

आकड्याहून गंभीर खुणाही आहेत. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, आपल्याकडे ज्याला पोट उडणे किंवा 'डब्बा झाला' म्हणतात, बाळाने अंगावर पिणे सोडणे, सगळे ओकून टाकणे, झटके, उठवूनही न उठणारी सुस्ती, ओठ किंवा जीभ निळसर पडणे. यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवरून रस्त्यालाच वेळ लागतो, म्हणून तिथे तर निर्णय आणखी लवकर घ्यायला हवा. शेजारच्या मेळघाटात पोट फुगलेल्या, धापा टाकणाऱ्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. चटक्याच्या जखमेतून नवा संसर्ग होतो. शरीराच्या पांढऱ्या पेशींना मग दोन ठिकाणी झुंजावे लागते, आणि औषधाचा वेळ जातो तो वेगळाच.

मोठ्या माणसात मिनिटाला 30 किंवा जास्त श्वास हा धोक्याचा आकडा आहे. साठी ओलांडलेल्यांबद्दल एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी: त्यांना न्यूमोनियात ताप येईलच असे नाही. वयाबरोबर पेशींचा संदेश मंदावतो, खोकलाही जेमतेम असतो. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, जेवण सोडले, चालताना तोल जाऊ लागला, तर ते 'वयामुळे' असे धरून चालू नका. श्वास मोजा, ऑक्सिमीटर लावा. कोविडनंतर पुष्कळ घरांत तो पडून आहे. बोटे गार असतील तर आधी हात चोळून गरम करा, मेंदी किंवा नेलपॉलिश असलेले बोट टाळा, मिनिटभर स्थिर आकडा येऊ द्या. 94 च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि 90 च्या खाली असेल तर थेट रुग्णालयात.

औषध सुरू झाल्यावर

अँटिबायोटिकच्या पहिल्या दोन गोळ्यांत ताप उतरला नाही म्हणून डॉक्टर बदलणारे पुष्कळ आहेत. औषधाने जंतू मरू लागतात, पण मेलेल्या जंतूंचे तुकडे पाहूनही पेशी काही काळ चवताळलेल्या राहतात. त्यामुळे फरक दिसायला दोन ते तीन दिवस द्यावे लागतात. त्या काळात श्वासांचा आकडा आणि ऑक्सिजन पाहावा. ते बिघडत असतील तर मात्र लगेच परत दाखवावे. मूल घरी उपचार घेत असेल तर दोन दिवसांनी तपासणी ठरलेलीच समजा. आणि बरे वाटले म्हणून औषध मध्येच थांबवू नका. किती दिवस घ्यायचे ते डॉक्टरांनी लिहिले असेल तितके दिवस घ्या.

आता त्या 'जोरदार इंजेक्शन'बद्दल. डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड पेशींचे संदेश दाबते. ताप उतरतो, भूक लागते, तरतरी येते. पण आत जंतू जिवंत असतील आणि अँटिबायोटिक पुरेसे नसेल, तर त्यांना मोकळे रान मिळते. स्टेरॉइड वाईट औषध नाही. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने जून 2020 मध्ये दाखवले, की कोविडच्या न्यूमोनियात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना मात्र त्याच औषधाचा काही फायदा झाला नाही. पेशींची ही होरपळ, म्हणजे दाह, हाताबाहेर गेला तेव्हा ते उपयोगी पडले, दाह कामाचा होता तेव्हा नाही. पुढच्याच वर्षी काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती माणसांचे डोळे आणि जबडे नेले, हे आपण पाहिले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही त्याची ठळक कारणे होती. इंजेक्शन घेण्यापूर्वी "यात स्टेरॉइड आहे का, कशासाठी देताय?" असे विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

मधुमेह असलेल्यांनी आजारपणात साखर तपासत राहायलाच हवी. रक्तातली साखर वाढली की न्यूट्रोफिलची जंतू मारण्याची ताकदच घटते, मग टीएलसी कितीही वाढलेला असो. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजाराने कित्येक घरे त्रासलेली आहेत, त्यांच्यासाठी वेगळी सूचना: किडनी अधू असली की संसर्गाशी झुंजण्याची ताकद कमी होते आणि बऱ्याच अँटिबायोटिकचा डोसही बदलावा लागतो. क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट सोबत न्या आणि तपासणीच्या सुरुवातीलाच सांगा. छातीतल्या कळेसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ नका, त्यांतल्या पुष्कळशा किडनीवर घाव घालतात.

घरी ऑक्सिजन लावला असेल तर 'जितका जास्त तितका चांगला' हा हिशेब चुकीचा आहे. ऑक्सिजन हाच त्या तिखट रसायनांचा कच्चा माल आहे. गरजेपेक्षा जास्त देत राहिले तर फुप्फुसावरचा ताण वाढतो. वर्षानुवर्षे चुलीचा किंवा बिडीचा धूर घेतलेल्या, जुन्या दम्यासारखा आजार असलेल्या रुग्णांत तर डॉक्टर मुद्दामच 88 ते 92 च्या दरम्यान ठेवतात. किती लिटर आणि कुठवर, हे लिहून घ्या.

गोळ्या आणि सेलेनियम

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हटले की 'अँटिऑक्सिडंट' गोळ्यांची जाहिरात आठवते. तर्क सरळ वाटतो, रसायने जास्त झाली तर उतारा बाहेरून द्या. पण शरीरात ही रसायने जंतूही मारत असतात, ती सरसकट विझवून चालत नाही. जस्त, क जीवनसत्त्व वगैरे न्यूमोनियात देऊन पाहिलेल्या अभ्यासांचे निकाल एकसारखे आलेले नाहीत. सगळ्यांनी घ्यावे असे त्यांतून ठरत नाही. गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्व देतात, ते वेगळे प्रकरण.

याबाबत बुलढाणा जिल्ह्याने तर जगावेगळा अनुभव घेतला आहे. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडू लागले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या केल्या, तेव्हा रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम वाढलेले आणि जस्त कमी आढळले. त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. हेच सेलेनियम फुप्फुसातल्या रसायनांवर उतारा करणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचा घटक आहे. सूक्ष्म प्रमाणात त्याच्यावाचून अडते आणि जास्त झाले तर विष ठरते. 'इम्युनिटी' लिहिलेल्या डब्यावर सेलेनियम, जस्त, तांबे असे काही दिसले तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. आजारात आणि नंतर घरचेच अन्न पुरेसे आहे: ज्वारीची भाकरी, वरण, अंडे असेल तर अंडे, शेवग्याची आणि चवळीची भाजी, भुईमुगाचे दाणे, आवळा, पेरू. ग्लुटाथायॉन शरीर स्वतःच बनवते, त्याला लागतात ती प्रथिने.

फुप्फुसातला उताऱ्याचा साठा सर्वांत जास्त संपवतो तो धूर. पऱ्हाट्या आणि तुराट्या आपल्याकडे फुकटच्या, त्यामुळे गॅस असूनही पाणी तापवायला चूल पेटतेच. तो धूर श्वासनलिकेतले सूक्ष्म केस लुळे पाडतो आणि मॅक्रोफेज काजळीने भरून मंद होतात. चूल एकदम सुटणार नसेल तर ती आधी अंगणात हलवा, लाकूड पूर्ण वाळलेले घ्या आणि चुलीपाशी बाळ कडेवर नको. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून दारे-खिडक्या बंद करणे, बाळाला धुरी देणे, हे आता थांबवायला हवे. आई-बाळाला ऊब हवी ती आईच्या छातीशी, टोपी-मोज्यांनी आणि गोधडीने मिळते. तसेच बाळाच्या नाकात तेल सोडू नका. ते फुप्फुसात उतरले तर मॅक्रोफेज गिळतात, पण त्यांना ते पचत नाही आणि तेलामुळेच एक वेगळा, चिवट न्यूमोनिया होतो. नाक चोंदले असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात.

लस

पेशींना जंतूची ओळख आधीच करून देणे हा सर्वांत कमी होरपळीचा मार्ग आहे. ओळख असेल तर प्रतिपिंडे जंतूला लगेच घेरतात आणि मॅक्रोफेज त्याला सहज गिळतात. न्यूट्रोफिलची मोठी फौज बोलवायची वेळच येत नाही. न्यूमोकोकसवरची पीसीव्ही लस 2021 पासून राज्यातल्या सरकारी लसीकरणात मोफत आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, असे तीन डोस. पेंटाव्हॅलंट आणि गोवराच्या लसीही न्यूमोनियापासून वाचवतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर 2020 मध्ये 'न्यूमोसिल' ही देशात तयार झालेली पीसीव्ही आणली. खासगीत कित्येक हजारांना मिळणारे संरक्षण उपकेंद्रात बाळाला फुकट मिळते, ते सोडू नका. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी लसीचे कार्ड कपड्यांच्या पेटीत न ठेवता जवळ ठेवावे. तारीख आली की ज्या गावी असाल तिथल्या आरोग्य केंद्रात डोस मिळतो. आशाताई नवजात बाळाला पाहायला घरी येतात, तेव्हा त्यांच्याकडून श्वास मोजायला शिकून घ्या. ही घरभेटींची पद्धतही गडचिरोलीच्याच कामातून देशभर गेली.

साठी ओलांडलेल्यांनी, मधुमेही, किडनी, हृदय किंवा दम्याच्या रुग्णांनी न्यूमोकोकसची मोठ्यांसाठीची लस आणि दरवर्षी फ्लूची लस याबद्दल डॉक्टरांना विचारावे. ही बहुतेकदा पदरच्या पैशाने घ्यावी लागते, पण रुग्णालयात काढाव्या लागणाऱ्या दिवसांपेक्षा स्वस्त पडते.

बरे झाल्यानंतरचे काही आठवडेही सांभाळायचे असतात. जंतू संपल्यावर मॅक्रोफेज मेलेल्या न्यूट्रोफिलना गिळून जागा साफ करतात आणि दाह थांबवण्याचे संदेश देतात. हे काम सावकाश चालते. तरुणांत एक्स-रे तीन-चार आठवड्यांत निवळतो, म्हाताऱ्या माणसांत दोन-तीन महिनेही लागतात. माणूस बरा वाटत असेल तर डाग दिसतो म्हणून दर आठवड्याला एक्स-रे काढू नये आणि अँटिबायोटिकही वाढवून मागू नये. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी मात्र सहा आठवड्यांनी एक्स-रे जरूर काढावा, कारण न्यूमोनियाच्या आड गाठ लपलेली असू शकते. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची टीबीची तपासणी मोफत होते, ती करून घ्यावी. आणि वयस्करांत न्यूमोनियानंतर काही आठवडे हृदयविकाराचा धोकाही वाढलेला असतो. रक्तातला दाह रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. शेतात जायची घाई करू नये, बीपी-साखरेच्या गोळ्या चुकवू नयेत, आणि छातीत दडपण आले, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर 'न्यूमोनियाचीच कळ असेल' म्हणून थांबू नये, लगेच ईसीजी काढून घ्यावा.